वॉर्ड समितीचे दप्तर कोणी जपले?



पॅरिस शहरात सेन नदीच्या कठड्यावर जुन्या पुस्तकवाल्यांची हिरवी खोकी ठोकलेली आहेत. सकाळी झाकण उघडले की दुकान सुरू, संध्याकाळी कुलूप घातले की बंद. २०२३ च्या जूनमध्ये जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेला आमच्या मंडळींबरोबर जाण्याचा योग आला, आणि परतताना दोन दिवस पॅरिसला काढले. इतरांनी अत्तरे घेतली. मी त्या खोक्यांतून एक कागद घेतला. तीस युरो मोजले.

कागद होता १७९३ सालचा एक दाखला. वर भाला, भाल्यावर क्रांतिकारकांची ती लाल टोपी, खाली छापील मजकूर, मध्ये रिकाम्या जागांत शाईने भरलेले नाव आणि धंदा, तळाशी सह्या व शिक्का. मला फ्रेंच येत नाही. शाळा सातवीत सुटली, इंग्रजी वर्तमानपत्र आणि शब्दकोश समोरासमोर ठेवून शिकलो, तिथेच माझी गाडी थांबली. पण बरोबर फ्रेंच जाणणारे एक गृहस्थ होते, त्यांनी वाचून सांगितले की हा एका चांभाराचा दाखला आहे आणि त्याच्या वॉर्डाच्या समितीने तो सच्चा नागरिक असल्याची ग्वाही दिली आहे. झाले! दोनशेतीस वर्षांपूर्वीचा चांभार, त्याची वॉर्ड समिती आणि तिचा शिक्का माझ्या पिशवीत. विमानात मी ती पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.

घरी आल्यावर आमच्या गावातल्या एका म्हाताऱ्या बुकबाइंडरला दाखवला. त्याने काही न वाचता कागद खिडकीच्या उजेडासमोर धरला आणि परत दिला. “नवा आहे,” म्हणाला. विकणाऱ्याला दोष देता येत नाही. तो अस्सल आहे असे तो म्हणाला नव्हता आणि मी विचारले नव्हते.

हा फजितीचा प्रसंग आधी सांगितला, कारण आजचा माझा विषय त्यातूनच निघाला. क्रांतीच्या काळात गल्लोगल्ली ज्या समित्या उभ्या राहतात, त्यांचे कागद, शिक्के, बिल्ले गोळा करण्याचा छंद जगभर आहे. हा छंद कसा करावा, खरे-खोटे कसे ओळखावे हे थोडे सांगणार आहे. पण त्याहून एक वेगळा प्रश्न मला जास्त छळतो. तो असा की, या वस्तू आपल्यापर्यंत आल्या त्या कोणाच्या हातून?

प्रथम, या समित्या होत्या तरी कोणत्या? १७८९ साली निवडणुकीसाठी पॅरिसचे ६० भाग पाडले होते. १७९० साली ते मोडून ४८ केले. त्यांना ‘सेक्शन’ म्हणत. आपण वॉर्ड म्हणू. कायद्याने या वॉर्डांचे काम मत देण्यापुरते होते, आणि मतही सर्वांना नव्हते. तीन दिवसांच्या मजुरीइतका कर भरील तो पुरता नागरिक; बाकीचे नावाचे नागरिक. पण १७९२ च्या उन्हाळ्यात युद्धाची आग लागली, वॉर्डांच्या सभा रोज भरू लागल्या, आणि ज्यांना मत नव्हते ती मंडळी सभेत येऊन बाकांवर बसली. त्यांना उठवण्याची कोणाची छाती झाली नाही. त्या ऑगस्टच्या १० तारखेला राजवाडा पडला, तो या वॉर्डांच्या बळावर.

पुढे २१ मार्च १७९३ च्या हुकमाने प्रत्येक वॉर्डात बारा जणांची देखरेख-समिती नेमली गेली. मूळ काम परक्या देशांतून आलेल्यांवर नजर ठेवण्याचे. पण नजर एकदा ठेवायला लागले की ती परक्यांवर थांबत नाही. १७ सप्टेंबर १७९३ ला संशयितांचा कायदा झाला, आणि ज्याला नागरिकनिष्ठेचा दाखला नाकारला गेला तोही त्या कायद्याने संशयित ठरला. म्हणजे मी जो कागद तीस युरोंना घेतला त्याची खरी प्रत त्या काळी चांभाराच्या खिशात असणे वा नसणे यावर त्याचे तुरुंगाबाहेर असणे अवलंबून होते.

याच समित्या आणि त्यांच्या जोडीच्या नागरी समित्या आणखी पुष्कळ कामे करीत. १७९३ च्या हिवाळ्याच्या तोंडावर पावाची कार्डे निघाली. ती वॉर्डातून मिळत. तोफांच्या दारूसाठी सोरा हवा होता, म्हणून त्या हिवाळ्यात तळघरांच्या भिंती खरवडून माती गोळा केली. समितीच्या सभासदांना आधी दिवसाला ३ लिव्र आणि पुढे ५ लिव्र भत्ता मिळे. वॉर्डसभेला येणाऱ्या गरिबांना, सभा आठवड्यातून दोनवर आणल्या तेव्हापासून, दर सभेला ४० सू, म्हणजे २ लिव्र, देऊ केले. आमच्या युनियनच्या सभेला चहा ठेवला तरी खजिनदार तोंड वाकडे करतो, हे सहज आठवले.

या समित्यांत कोण बसत होते? आल्बेर सोबूल नावाच्या फ्रेंच इतिहासकाराने १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मोठ्या ग्रंथात ४५४ सभासदांचे धंदे तपासले. जवळजवळ दोन तृतीयांश कारागीर आणि दुकानदार निघाले. मजुरीवर जगणारा दहांत एक. हा आकडा मी प्रथम वाचला तेव्हा मला वाईट वाटले, खोटे कशाला सांगू? आपल्याला वाटते की ती कामगारांची क्रांती. पण ज्या क्रांतीने १७९१ च्या जूनमध्ये कायदा करून कामगारांच्या संघटनेलाच बंदी घातली, आणि ज्या देशात युनियनला कायद्याने श्वास घ्यायला १८८४ साल उजाडावे लागले, तिथे समितीच्या टेबलाशी मजूर दहांत एक, यात नवल ते काय!

आता वस्तूंकडे वळू. संग्राहकांच्या हाती जे येते त्यात दाखले आहेत, ओळखीची कार्डे आहेत, पावाची कार्डे आहेत, समितीच्या बैठकीच्या नोंदी, भिंतीवर लावायच्या जाहिराती, लाकडी मुठीचे शिक्के, तिरंगी फुले, आणि नेव्हेरसारख्या गावी केलेल्या चिनीमातीच्या बशा, ज्यांवर भाला-टोपी-कोंबडा रंगवलेला असतो. माझ्या मते यांत सगळ्यांत बोलकी वस्तू म्हणजे ओळखीचे कार्ड आणि ज्या नोंदवहीतून ते निघे ती वही. तीत नाव, वय, धंदा, राहण्याचे ठिकाण, जन्माचा गाव, पॅरिसला केव्हा आला, हे सारे लिहीत. एका गल्लीची पाने उलटली तर निम्मी गल्ली बाहेरगावची निघते. कोणी कुठल्या डोंगरातून गवंडीकामाला आला, कोणी सुतारकामाला. गिरणगावातल्या एखाद्या चाळीची शिरगणती वाचावी आणि सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर असे शब्द ओळीने यावेत, तसेच.

खरे-खोटे ओळखायच्या खुणा पुष्कळ आहेत. त्यांतल्या दोन-तीन सांगतो. पहिली कागदाची. त्या काळचा कागद चिंध्यांच्या लगद्यातून, तारेच्या चाळणीवर हाताने काढलेला. उजेडासमोर धरला की बहुतेक कागदांत तारांच्या बारीक समांतर रेघा आणि त्यांना छेदणाऱ्या दूरदूरच्या रेघा दिसतात. कागद करणाऱ्या यंत्राचे पेटंट फ्रान्समध्ये १७९९ साली निघाले, म्हणजे आमच्या चांभाराच्या दाखल्यानंतर. माझ्या कागदात रेघ नव्हती; आमच्या बुकबाइंडरने तेवढेच पाहिले. मात्र लबाड माणूस जुन्या पुस्तकांची कोरी पाने फाडून त्यांवरही छापतो, तेव्हा एवढ्यावर भागत नाही.

दुसरी खूण तारखेची, आणि ही मला फार आवडते. १७९२ च्या ऑगस्टनंतर कागदांवर ‘स्वातंत्र्याचे ४ थे वर्ष, समतेचे १ ले’ असे लिहू लागले. स्वातंत्र्य १७८९ पासून मोजायचे, समता राजवाडा पडल्यापासून. मग सप्टेंबरात प्रजासत्ताक झाले आणि त्याचे वर्ष १ सुरू झाले. नव्या महिन्यांची नावे, ब्र्युमेर, जर्मिनाल वगैरे, ठरली ती १७९३ च्या ऑक्टोबरात. तोवर वर्ष २ लागलेले होते. म्हणून ‘ब्र्युमेर, वर्ष १’ अशी तारीख घातलेला समितीचा कागद कोणी दाखवला तर त्याला चहा पाजावा आणि वाटेला लावावे. तसा महिना त्या वर्षी कोणाच्या डोक्यातसुद्धा नव्हता.

तिसरी वॉर्डाच्या नावाची. ही नावे वाऱ्याबरोबर बदलत. ‘सिसिलीचा राजा’ या नावाचा वॉर्ड १७९२ साली ‘माणसाचे हक्क’ झाला. ‘लाल क्रूस’ होता तो १७९३ त ‘लाल टोपी’ झाला, आणि वारे फिरल्यावर नुसता ‘पश्चिम’. व्हांदोम चौकाचा वॉर्ड ‘भाले’ झाला. या भाल्यांच्या वॉर्डात रोबेस्पिएर एका सुताराच्या घरी राहत असे, आणि त्याच वॉर्डसभेचा चिटणीस काही काळ मार्क्विस द साद हा होता. तोच तो, ज्याच्या पुस्तकांचे नाव घरात काढीत नाहीत. सरदाराने कारकुनी पत्करली होती, आणि अक्षर त्याचे बरे होते. सांगायचे एवढेच की शिक्क्यावरचे नाव आणि कागदावरची तारीख जुळते का ते पाहावे.

आठवणींचा बाजार मात्र क्रांतीइतकाच जुना आहे. बास्तीयचा तुरुंग पाडण्याचे कंत्राट घेतलेल्या पाल्वा नावाच्या ठेकेदाराने त्याच तुरुंगाच्या दगडांच्या प्रतिकृती करून देशाच्या ८३ जिल्ह्यांना धाडल्या. पाडायचेही पैसे, आठवणीचेही नाव! असो.

आता माझ्या प्रश्नाकडे येतो. जुलै १७९४ मध्ये रोबेस्पिएर पडला. महिन्याभरात ४८ समित्यांच्या जागी १२ ठेवल्या. १७९५ च्या वसंतात उपाशी वॉर्डांनी दोनदा उठाव केला, तो मोडला, आणि मग कालपर्यंत जे दाखले देत होते त्यांनाच घरोघर जाऊन पकडले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात वॉर्डही रद्द झाले. अशा वेळी समितीची वही घरात कोण ठेवील? ज्या वहीत आपली सही आहे, तीच वही आपल्याविरुद्ध साक्षीला उभी राहणार.

म्हणून जे उरले ते बहुतांशी विरुद्ध बाजूच्या हातून उरले. पोलिसखात्याने पकडलेल्यांच्या नावांच्या अकारविल्हे फायली केल्या. फ्रान्सच्या राष्ट्रीय दप्तरखान्यात ‘एफ ७’ या खुणेखाली त्या आजही आहेत, आणि सोबूलचा ग्रंथ उभा आहे तो मुख्यतः त्यांच्यावर. या फायलींत एक चमत्कारिक गोष्ट आहे. आरोप करणारा शेजारी सांगतो की हा माणूस रक्तपिपासू होता, रोज सभेत भाषणे ठोकी, सगळा वॉर्ड याच्या तालावर नाचे. आणि तोच माणूस तुरुंगातून अर्ज लिहितो की मी गरीब बापडा, पोराबाळांचा बाप, दुसऱ्यांनी हात वर केला म्हणून मी केला. एकाने फुगवलेले, दुसऱ्याने आक्रसलेले. खरा माणूस या दोहोंच्या मधे कुठेतरी उभा. ज्याने खातेनिहाय चौकशीत कामगाराची बाजू मांडली आहे त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. कंपनीच्या आरोपपत्रात जो गुंड असतो तोच आपल्या लेखी उत्तरात गाय असतो, आणि ते उत्तर आपणच लिहून दिलेले असते.

दुसरा जपणारा पाहा. जॉन विल्सन क्रोकर हा इंग्रज सरकारातला बडा अधिकारी, १८०९ पासून १८३० पर्यंत नौदलखात्याचा चिटणीस, पक्का टोरी, फ्रेंच क्रांतीचा हाडवैरी. हा माणूस पॅरिसमधून क्रांतीची पत्रके, जाहिराती, चोपडी गाठोड्यांनी विकत घेत असे. १८१७, १८३१ आणि १८५६ अशा तीन खेपांना त्याचे संग्रह ब्रिटिश म्युझियममध्ये गेले. सगळे मिळून सुमारे पन्नास हजार नग. आणि मौज अशी की, १८४८ नंतर हद्दपार होऊन लंडनला आलेला लुई ब्लां, मजुरांना कामाचा हक्क मागणारा समाजवादी, याच कागदांवर बसून त्याने आपला क्रांतीचा इतिहास लिहिला. वैऱ्याने शिधा भरून ठेवला आणि जेवला आपला माणूस.

आपल्या माणसांनी मात्र काय केले? १८७१ च्या मे महिन्यात पॅरिस कम्यून बुडत असताना नगरभवन पेटले. त्यात शहराचे दप्तर, वॉर्डसभांच्या कित्येक वह्या, शहराचे ग्रंथालय खाक झाले. जन्म-मृत्यूच्या नोंदीची एक प्रत तिथल्या दप्तरात आणि दुसरी न्यायालयात होती, दोन्ही गेल्या. १८६० च्या आधीच्या सुमारे ऐंशी लाख नोंदींपैकी जेमतेम तिसरा हिस्सा पुन्हा उभा करता आला, तोही लोकांनी घरातून आणून दिलेल्या उताऱ्यांवरून आणि चर्चच्या वह्यांवरून. ग्रंथपाल झ्यूल कूझां याने आपली स्वतःची सहा हजार पुस्तके शहराला देऊन टाकली. १८८० साली कार्नाव्हाले म्युझियम उघडले आणि त्याच सुमारास लिएव्हील नावाच्या सरदाराने क्रांतीच्या बशा, पदके, चित्रे, चिठ्ठ्याचपाट्या असा आयुष्यभराचा संग्रह तिथे दिला. मी त्या काचांसमोर उभा राहिलो तेव्हा हे मनात आले की, इथेही जपणारा सरदारच.

हे परक्या देशाचे झाले असे कोणी म्हणेल, तर घरचे उदाहरण देतो. १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांचा सहा महिन्यांचा संप झाला. त्यात लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन उभी राहिली आणि गिरणीगिरणीत कमिट्या झाल्या. २० मार्च १९२९ ला देशभर धरपकड झाली; डांगे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर, घाटे यांच्याबरोबर अर्जुन आळवे, गोविंद कासले असे गिरणीत काम केलेले लोकही मीरतच्या खटल्यात गोवले गेले. झडतीत पोलिसांनी कागदांचे ढीग उचलले आणि त्यांवर पुराव्याचे आकडे टाकले. आज त्या काळच्या युनियनवर लिहिणारा प्रत्येक अभ्यासक त्या पुराव्याच्या कागदांकडे जातो. जे पोलिसांनी नेले ते राहिले. जे आपल्या ऑफिसात राहिले त्यातले वाळवी, पाऊस आणि रद्दीवाला यांनी नेले. मी ज्या युनियनमध्ये उमेदवारी केली तिच्या ऑफिसची रंगसफेदी निघाली तेव्हा तीस वर्षांची पावतीपुस्तके आणि कमिटीच्या बैठकांच्या वह्या हातगाडीवर घालून मीच रद्दीवाल्याकडे पोचवल्या होत्या. किलोचा भाव चांगला आला म्हणून आम्ही त्या पैशांची भजी खाल्ली.

आमच्या घरी मात्र एक वही राहिली. माझे वडील गिरणीत साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख माणूस बाहेर पडला. आमच्या चाळीने एक कमिटी केली. धान्य कोणाला किती दिले हे लिहायचे काम वडिलांकडे, कारण त्यांचे अक्षर वळणदार. शंभर पानी वही, वर सुतळीने बांधलेली पेन्सिल. ज्वारी, तेल, कोणाच्या घरी बाळंतपण, कोण गावाला गेला. आणि वहीच्या मागच्या बाजूने, उलटी धरून, अकरा नावे. संप चालू असताना जे कामावर गेले त्यांची. आईने ती वही तांदळाच्या डब्याखाली लपवून ठेवली होती, पोलिसांच्या भीतीने. पुढे संप कधी मागे घेतला असे कोणी म्हटले नाही, तसाच विरून गेला, आणि वही तिथेच राहिली.

दोन वर्षांपूर्वी एका संग्रहालयाच्या लोकांनी ती मागितली. द्यायला हवी, मलाही कळत होते. पण मागची अकरा नावे? त्यांतली सात घरे अजून त्याच चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत राहतात. नातवंडे एका शाळेत जातात. पान फाडावे, तर मग मी दप्तर जपणारा कसला? आणि द्यावे, तर आमचाच कागद पॅरिसच्या त्या फायलींसारखा एका बाजूचे सांगत राहणार. माझे वडील भले गृहस्थ होते, पण त्या पानावर ते आरोप करणारे शेजारी आहेत.

शेवटी त्या अकरांपैकी एकाचा मुलगा, जो आज आमच्या युनियनच्या कार्यकारिणीत आहे, त्याच्याकडे वही घेऊन गेलो. त्याने बापाचे नाव पाहिले. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “दादा, वही द्या. पण आमच्या बाबांच्या नावापुढं कारण लिहा. आई तेव्हा टीबीच्या दवाखान्यात होती.”

वडिलांच्या अक्षराला धक्का लावायचा नाही म्हणून मी वेगळा कागद घेतला, तारीख घातली, खाली माझी सही केली आणि वहीत ठेवला. बाकीच्या सहा घरांकडे जाऊन आलो आहे. दोघांनी कारण सांगितले, एकाने दार लावून घेतले, तेही लिहिले. तिघे विचार करून सांगतो म्हणाले आहेत. वही अजून माझ्याकडेच आहे.